जमीन राखायची तर वाटणी लिहा

गेल्या मे महिन्यात देवगडच्या घरी ओटीवर बसून मी आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, जमिनीचा सातबारा पहिल्यांदा नीट वाचला. नीट म्हणजे एकेक नाव बोट ठेवून. एकेचाळीस नावं निघाली. त्यातली अकरा माणसं वारलेली. दोघांचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही. आणि माझी धाकटी काकी, जिने गेली बत्तीस वर्षं त्या कलमांची आळी केली, खत घातलं, फवारणीला माणसं आणली, काढणीच्या दिवसांत पहाटेपासून पेट्या भरल्या, तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. काकांचं होतं. काका जाऊन नऊ वर्षं झाली.

'एकत्र आहे म्हणून जमीन राहिली' हे वाक्य आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आले आहे. ते घराघरात अभिमानाने बोललं जातं. मला आता ते खोटं वाटतं, आणि कोकणाचं सगळ्यात जास्त नुकसान करणारंही वाटतं. वाटणी न केलेली जमीन राखलेली नसते, ती नुसती पडून असते. गडगा ढासळतो, वरकस जमिनीवर रान माजतं, आणि एक दिवस कुणीतरी तिऱ्हाईत माणूस हातात खरेदीखत घेऊन उभा राहतो. मालमत्तेचं रक्षण करायचं तर हयात असताना, सगळ्या हक्कदारांना समोर बसवून, मुलींसकट, कुणाचं काय ते लिहून ठेवावं लागतं.

नावं एकेचाळीस कशी झाली ते सांगते, कारण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आहे. पणजोबांना तीन मुलगे. पणजोबा गेले तेव्हा तलाठ्याकडे जायला गावात थोरले होते, म्हणून त्यांचं नाव लागलं आणि पुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे दोघे मुंबईत गिरणीत. थोरले गेल्यावर वारस म्हणून फक्त त्यांच्या मुलांची नावं लागली, ती तीन अक्षरं नव्या कागदावर आलीच नाहीत, आणि धाकट्या दोघांची घराणी काही वर्षं सातबाऱ्यातून नाहीशीच झाली. ती परत यायला प्रांताधिकाऱ्याकडे अपील करावं लागलं. दोन भावांच्या नातवंडांनी त्यानंतर एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं. कुणी कुणाला फसवायला निघालं नव्हतं. एका माणसाने आपल्या हयातीत एक अर्ज केला नव्हता, एवढंच.

हिशेब करून बघा. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. तीन भावांत एकतृतीयांश, पुढच्या पिढीत त्याचे सहा भाग, त्यापुढे चार. एकाच्या वाट्याला बहात्तरावा हिस्सा, म्हणजे दोन गुंठ्यांहूनही कमी. एवढ्यात सात-आठ कलमंसुद्धा धड राहत नाहीत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे असे बारीक तुकडे पाडू देत नाही, ते योग्यच आहे. मग या टप्प्यावर आलेल्या कुटुंबाला खरं तर एकच वाट उरते: कुणी जमीन घ्यायची, कुणी तिच्या बदल्यात पैसे, कुणी घरातला हक्क. ही बोलणी सहा माणसांत दोन रात्रींत होतात. एकेचाळीस माणसांत ती होत नाहीत, कारण त्यातला एक सुरतेला, एक दुबईला, आणि एकाला आपलं नाव त्या कागदावर आहे हेच ठाऊक नाही. वाटणी पुढच्या पिढीवर ढकलणं म्हणजे ती अशक्य करून ठेवणं.

त्याची किंमत रोजच्या व्यवहारात मोजावी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा आमची काही जुनी कलमं मुळासकट उन्मळली. पंचनामा झाला. भरपाई सामाईक खात्यावर, म्हणून इतर खातेदारांची संमतीपत्रं आणा असं सांगण्यात आलं. काकीने फोन लावायला सुरुवात केली. ज्यांनी त्या कलमांचा एक आंबा उचलला नव्हता त्यांच्या सह्यांसाठी ती बाई दोन महिने विनवण्या करत होती, आणि शेवटी दमून तिने नाद सोडला. बँकेचं पीककर्ज, विहिरीचं अनुदान, घराच्या दोन खोल्यांत पर्यटक ठेवण्यासाठी लागणारं कर्ज, सगळीकडे तीच अडचण. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेची योजना आली आणि कोकणचे सडे हिरवे झाले, पण सामाईक जमिनीत एकाने घाम गाळून लावलेली कलमं वाटणीच्या वेळी कुणाची, यावर आजही घराघरात दारं आपटली जातात. महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनी गेल्या तिथेही असंच झालं. मोबदला कुणाला किती यावर वाद निघाला की कायद्याप्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं, आणि रस्ता तयार होऊन गाड्या धावू लागल्या तरी पैसा अडकलेलाच राहतो.

आता त्या खरेदीखताचं. बाहेरचे लोक येऊन आमच्या जमिनी घेतात ही तक्रार प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येते. ती मला कळते, माझाही जीव तुटतो. पण व्यवहार कसा होतो ते पाहा. एजंट गावात येतच नाही. तो सातबारा काढतो, नावं बघतो आणि मुंबईकडे डोंबिवली-विरारला ज्या खातेदाराचा गावाशी संबंध उरलेला नाही त्याचं दार वाजवतो. त्याला कधी न पाहिलेल्या जमिनीचे दोन-तीन लाख मिळतात. तो सही करतो, बऱ्याचदा कुलमुखत्यारपत्रच देऊन टाकतो. अविभक्त हिस्सा विकायला कायद्याची बंदी नाही. असे चार-पाच हिस्से गोळा झाले की तोच एजंट गावात राहणाऱ्यांना वाटपाच्या दाव्याची नोटीस पाठवतो.

याला अडवणारे कायदे आहेत, पण ते आमच्या लोकांना कुणी सांगितलेले नाहीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम २२ प्रमाणे एका वारसाने वारशाने आलेला आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो ठरेल त्या किमतीला विकत घेता येतो. पण हे हक्क बजावायचे तर विक्री होते आहे हे आधी कळायला हवं. म्हणून माझी सरकारकडे पहिली मागणी ही आहे की सामाईक सातबाऱ्यातला अविभक्त हिस्सा विकण्याचा दस्त नोंदवण्यापूर्वी त्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाला नोटीस जावी आणि ठरावीक मुदत द्यावी. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघते ती व्यवहार झाल्यावर. तोवर पैसे हात बदललेले असतात.

पण सरकारकडे जाण्याआधी घरातली एक गोष्ट बोलावी लागेल, आणि ती बोलताना माझा आवाज चढतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. याचा सरळ अर्थ असा की पुरुष नोकरीसाठी बाहेर आणि गाव बायकांनी धरून ठेवलेला. भात त्यांनी लावला, राब त्यांनी भाजले, म्हाताऱ्यांचं त्यांनी केलं, देवघरात दिवा त्यांनी लावला. आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषांचं. जमीन कोण राखतंय हे ज्या कागदावर दिसत नाही, तो कागद तिचं रक्षण कसा करणार?

मुलींचं तर आणखी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्कदार, केलं, फक्त त्या वेळी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, लग्नाची अट गेली. बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता, याचाही संबंध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत, इतकंच. इतका स्वच्छ कायदा असताना आमच्याकडे काय होतं? गणपतीला बहीण माहेरी आली की दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात आणि साडी नेसवतात. माझ्या आत्याला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सही कर म्हणान सांगल्यानी, म्हणान केलंय." त्या जमिनीची किंमत किती, तिचा हिस्सा किती, काही तिला सांगितलं नव्हतं. तिला माहेर तुटण्याची भीती होती आणि त्या भीतीवर तो दस्त उभा आहे. बहिणीने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण आधी तिच्या वाट्याचे गुंठे आणि आजची किंमत कागदावर लिहून तिच्या हातात द्या, आठ दिवस जाऊ द्या, मग विचारा.

आणि म्हणूनच मृत्युपत्राविषयी बोलताना मी सावध असते. हल्ली शहरात मालमत्तेच्या नियोजनाचे सल्ले देणारे पुष्कळ झालेत, आणि गावात त्यांचं भाषांतर 'पोरींना वगळायचा कागद' असं होतं. मृत्युपत्राने माणूस स्वतःच्या मालकीचं आणि एकत्र कुटुंबातल्या स्वतःच्या हिश्श्याचं काय करायचं ते ठरवू शकतो. सगळ्या वडिलोपार्जित जमिनीचं नाही. दुसऱ्यांच्या हिश्श्यावर लिहिलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही आणि वीस वर्षांची भाऊबंदकी मात्र मागे ठेवतं.

तरीही मृत्युपत्र लिहा, हे मी कळकळीने सांगते. कारण ते सोपं आहे आणि आपण ते अशुभ मानून टाळतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि त्याला सही करताना पाहिलेले किमान दोन साक्षीदार, एवढी अट. साक्षीदार लाभार्थींपैकी नसावेत आणि आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, नाहीतर वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायला कुणी उरत नाही. नोंदणी केली तर बरं, वयस्कर माणसाने डॉक्टरचा दाखला जोडला तर आणखी बरं. मन बदललं तर नवं लिहा, शेवटचं ग्राह्य. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा यांत कसूर करू नका. 'खालची वाडी धाकट्याला' असं लिहिलेला एक कागद मी पाहिला आहे. खालच्या वाड्या तीन होत्या.

बँकेत किंवा सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे झालं, हाही गैरसमज पक्का बसलेला आहे. नॉमिनी हा रक्कम किंवा शेअर स्वीकारणारा माणूस. मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. आणि हयातीत बक्षीसपत्र करणाऱ्या म्हाताऱ्यांना माझं सांगणं आहे की घाई करू नका. बक्षीसपत्र झालं की मालकी गेली. करायचंच असेल तर 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा अटीच्या आधारेच बक्षीसपत्र रद्द करायला मदत करतं.

बायकांनी तर स्वतःचं मृत्युपत्र लिहावंच. मूलबाळ नसलेली, नवरा वारलेली बाई मृत्युपत्राविना गेली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. ज्या दिरांनी तिला घराबाहेर काढलं, त्यांच्याकडेसुद्धा.

किनाऱ्यावर सगळ्यांना हाच कायदा नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. श्रीवर्धन, दापोली, खेडकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांत मृत्युपत्राने एकतृतीयांशापर्यंतच देता येतं, बाकीचं ठरलेल्या हिश्श्यांनी वाटलं जातं आणि त्यात मुलीचा वाटा आहेच. तो तिला प्रत्यक्षात मिळतो का, हा प्रश्न मात्र तिकडेही आमच्यासारखाच. तेरेखोलची खाडी ओलांडली की आणखी निराळं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आणि आता तिथल्या विधानसभेने नव्याने केलेल्या कायद्याप्रमाणे मालमत्तेचा अर्धा भाग मुलाबाळांसाठी राखीव असतो. बाप तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकत नाही. नवराबायकोची मालमत्ता बहुधा दोघांची मिळून असते, म्हणून विकताना बायकोची सही लागते. तिथेही कुलुपबंद घरं आहेत, दावे आहेत. पण मुलीला एका सहीने पुसून टाकणं तिथे अवघड आहे, आणि ही गोष्ट आपण घेण्यासारखी आहे.

आता मूळ घराचं. माझ्या म्हणण्यावर सगळ्यात मोठा आक्षेप इथूनच येतो आणि तो मला हलका वाटत नाही. मोठे काका म्हणाले, "घराची वाटणी केलीस तर गणपती कुठे बसवणार?" खरं आहे. ओटी, पडवी, माजघर, देवघर, मागची बाव, खळं यांचे चिरे मोजून वाटे केले तर घर संपतं. मी ते वाटा म्हणतच नाही. जमीन वाटा, घर सामाईक ठेवा, पण सामाईक म्हणजे काय ते लिहा. कौलं शाकारायला दर वर्षी कुणी किती द्यायचे, गणपती आणि शिमग्याला कुणी कुठल्या खोलीत राहायचं, वर्षभर घरात राहून दिवा लावणाऱ्याला कुणी उठवायचं नाही, आणि कुणाला आपला हक्क सोडायचा असेल तर तो आधी घरच्यांनाच ठरलेल्या पद्धतीच्या किमतीला द्यायचा. एवढ्या चार गोष्टी एका नोंदवलेल्या कौटुंबिक करारात बसतात. लिहिलं म्हणून प्रेम आटतं असं लोक म्हणतात. मी उलटं पाहिलं आहे. न लिहिलेल्या घरांची कुलुपं गंजलेली आहेत, आणि त्यात राहणाऱ्या विधवेला दर गणपतीला कुणीतरी 'तुझं इथे काय आहे' असं ऐकवतं.

शिवाय आमची घरं विखुरलेल्या वाड्यांत, शेतजमिनीत बांधलेली. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप करून सनद देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, तिचा अशा घरांना उपयोग तोकडा. हातात उरतो ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, आणि तो मालकीचा पुरावा नव्हे.

सरकारने काही पावलं टाकली आहेत आणि ती चांगली आहेत. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहमतीने तहसीलदाराकडून वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही. पण कोकणात या सगळ्याला माणूस मिळत नाही, कारण तो मुंबईत असतो. शिबिर कधी? मंगळवारी सकाळी अकरा वाजता. चाकरमान्याने सुट्टी टाकून, रात्रभर प्रवास करून यायचं, आणि त्या दिवशी मोजणीदार दुसरीकडे.

माझी दुसरी मागणी म्हणून अशी की ही शिबिरं गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात घ्या. अख्खं गाव तेव्हा वाडीत असतं. तलाठी, मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखचा मोजणीदार आणि दुय्यम निबंधक त्या चार-पाच दिवसांत एकाच शाळेत बसू द्या. रेल्वे या दिवसांत जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस सोडते. महसूल खात्यानेही आपलं पंचांग बदलावं. पोटहिस्सा मोजणीची फी वारसांच्या वाटपासाठी माफ करावी. आणि बहिणीच्या हक्कसोडपत्राची नोंदणी करताना तिला एकटीला बसवून तिच्या हिश्श्याचं क्षेत्र आणि शीघ्रसिद्ध गणकाप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, येणारी किंमत वाचून दाखवावी. पाच मिनिटांचं काम आहे.

मे महिन्यात मी हे सगळं काकीशी बोलले तेव्हा ती आंब्याच्या पेटीत पेंढा घालत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "माका कोणाचा काय नको. पण मी मेल्यावर ह्या कलमांकडे कोण बघतलो, ता तरी लिवन ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तलाठी कार्यालयात गेलो. काकांचा मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वारसनोंदीचा अर्ज. तीन महिन्यांत करायचं काम नऊ वर्षांनी केलं. नोटीस लागली, मुदत संपली, कुणी हरकत घेतली नाही. आषाढात फेरफार मंजूर झाला. काकांच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते कमी झालं, आणि खाली काकीचं आणि तिच्या दोन्ही मुलींची नावं लागली. सातबाऱ्यावर आता त्रेचाळीस नावं आहेत. कमी व्हायच्या ऐवजी दोन वाढली, आणि मला ते बरं वाटलं, कारण ती खरी आहेत.

उरलेल्या दहा मयतांचे वारस शोधायचं काम चालू आहे. वंशावळीचा मोठा कागद आम्ही माजघरातल्या भिंतीला लावला आहे. चतुर्थीला सगळे येतील तेव्हा तो तिथेच असेल. आत्यालाही या वेळी मुद्दाम लवकर बोलावलं आहे. बोरिवलीच्या घराण्याची एक ओळ अजून रिकामी आहे. त्यांचा फोन नंबर मिळालाय, काकी आज संध्याकाळी लावणार आहे.